अढळपेटी आणि सहावा मजला

सोमवार, ३ मार्च

आजपासून रोजनिशी. मोठं काम सुरू करताना माणसाच्या डोक्यात नेमकं काय चाललं होतं, हे पुढे कोणालाच सापडत नाही. माझ्या बाबतीत तसं व्हायला नको.

मोठं काम असं. आमच्या इमारतीची लिफ्ट डिसेंबरपासून बंद. आमची कंपनी लिफ्टचे कंट्रोलर बनवते, म्हणजे कुठल्या मजल्यावर कधी जायचं ते ठरवणारा बोर्ड. नवा बोर्ड तयार होतोय आणि तो कुठेतरी लावून बघायचाच आहे. मी मॅडमना (माझ्या बॉस) म्हटलं, आमच्याकडे लावा. सेक्रेटरींना (तिसरा मजला, रिटायर्ड, नोटीस लावायची हौस) म्हटलं, कंपनी तुमच्यावर उपकार करतेय. दोघंही खूश. सॉफ्टवेअर मी लिहिणार.

घरी सांगितलं. आई सहाव्या मजल्यावर गुडघे धरून बसलीय, तीन महिने खाली उतरलेली नाही. मावशी, म्हणजे तिची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते, पण कंबरेच्या ऑपरेशननंतर तिला जिना बंद. दोघी रोज फोनवर एकमेकींची दुखणी ऐकतात. रविवारी २३ तारखेला मावशी मुलाकडे परदेशी चाललीय, कायमची. एअरपोर्टला जाताना टॅक्सी आमच्या दारात थांबवणार आहे. आई म्हणाली, मला तेवढं खाली ने, आता या वयात पुन्हा काही आमची गाठ पडायची नाही.

मी शब्द दिला. २३ ला लिफ्टने खाली, आरामात.

ही (बायको) म्हणाली, शब्द देण्याआधी लिफ्ट चालते का ते बघावं. हिला इंजिनियरिंगमधलं काही कळत नाही.


मंगळवार, ४ मार्च

संकल्प: सकाळी सहाला उठणे. चहा दोनच वेळा. फोनकडे बघायचं नाही.

साडेआठला उठलो.

ऑफिसात कामाचा आराखडा केला. लोक बटणं दाबतात, त्यांचे नंबर एका रांगेत ठेवायचे, आधी दाबेल त्याच्याकडे लिफ्ट आधी. सोपं आहे. पण बोर्डाची मेमरी चिमूटभर. यादी आपली फुगत गेली असं चालत नाही. म्हणून ठराविक खणांचा ॲरे करायचा. खण सोळा. त्यातले किती खरोखर भरलेत, तो आकडा शेजारी वेगळा ठेवायचा. त्याला लेन्थ म्हणतात. बाकी खण नुसतेच राखीव.

आयतोबा म्हणाला, असा कंटेनर लायब्ररीत, म्हणजे लोकांनी आधीच लिहून ठेवलेल्या कोडमध्ये, तयार मिळतो, एक ओळ लिहायची. आयतोबा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. माझ्याच वयाचा, माझ्याच पगाराचा. त्याचं हे नाव मीच ठेवलंय, कारण हा आयुष्यात स्वतःचं काही लिहीत नाही, सगळं आयतं उचलतो. वर पाच वाजता घरी जातो.

मी सांगितलं, मी स्वतः लिहिणार. उद्या त्या लायब्ररीवाल्यानं दुकान बंद केलं तर? तो म्हणाला, लायब्ररी दुकान नसते. मी विषय वाढवला नाही.


गुरुवार, ६ मार्च

दोन दिवस नावात गेले. वेळ फुकट गेला असं कोणी म्हणेल, पण नाव चुकलं की सगळंच चुकतं. शेवटी 'अढळपेटी' ठरलं. फिक्स्ड म्हणजे अढळ, कंटेनर म्हणजे पेटी. मॅडम म्हणाल्या, कोडमध्ये इंग्रजी नाव लागेल. म्हटलं, ठीक आहे, अढळपेटी हेच रोमन लिपीत लिहितो. त्यांनी कपाळाला हात लावला. बहुतेक डोकं दुखत असावं.

आईला नाव सांगितलं. ती म्हणाली, छान आहे, पण लिफ्ट कधी?


सोमवार, १० मार्च

बोर्डाचा कोड ज्यात लिहितोय ती नवी भाषा भलती कडक आहे. एकेक बाइट हिशोबानं वापरायचा, आणि कंपायलर (आपला कोड तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा) एखाद्या परीक्षकासारखा लाल पेन घेऊन बसलेला. मी सोळा खण राखून ठेवले, आत काही टाकलं नाही. कंपायलर म्हणे, या खणांत काय आहे ते मला माहीत नाही, म्हणून मी ते वाचू देणार नाही. अरे, रिकामे आहेत. रिकाम्यात काय वाचणार? पण तो हटून बसला.

या भाषेत 'अनसेफ' असा एक शब्द आहे. तो लिहिला की कंपायलर बाजूला होतो आणि जबाबदारी आपल्यावर येते. मी तत्त्वाचा माणूस आहे. तो शब्द वापरणार नाही.


मंगळवार, ११ मार्च

वापरला.

रिकाम्या खणात पडलेलं काहीतरी जुनंपानं वाचून बोर्डानं एकदम मजला क्रमांक एकोणीस हजार आणि काहीतरी दाखवला. आमची इमारत सात मजल्यांची आहे. आयतोबा खुर्ची वळवून बघायला आला. मी स्क्रीन बंद केली आणि अपडेट चालू आहे म्हणालो.

उद्यापासून तत्त्व पुन्हा सुरू.


गुरुवार, १३ मार्च

युरेका म्हणायचा माझा स्वभाव नाही, पण आज म्हणालो, मनात.

खण रिकामे आहेत ही कंपायलरची तक्रार ना? मग भरून टाकायचे. सगळ्या सोळा खणांत शून्य. शून्य म्हणजे काहीच नाही. कंपायलरलाही चालतं, मलाही चालतं. सोळा शून्यांचा ॲरे घेतला आणि त्यावरून पेटी बनवली. एकदाही लाल खूण नाही. 'अनसेफ'ही काढून टाकला.

संध्याकाळी आनंदानं तिसरा चहा.

हिला समजावून सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, तळमजल्याला तुमच्या लिफ्टमध्ये काय लिहिलंय? म्हटलं, शून्य. मग ती पुन्हा भाजी चिरू लागली. माझं म्हणणं पटलं असावं.


शुक्रवार, १४ मार्च

रिव्ह्यू, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्यानं तपासायचा. आयतोबानं कोडवर एकच प्रश्न लिहिला: नवी पेटी तयार झाल्या झाल्या लेन्थ किती?

मी उत्तर लिहिलं: सोळा, अर्थात. खणच सोळा आहेत. आणखी किती हवी होती?

त्यानं परत काहीतरी भलंमोठं टाइप केलं. मी वाचलं नाही, जेवायची वेळ झाली होती. 'रिझॉल्व्ह्ड'वर, म्हणजे प्रश्न मिटला यावर, टिचकी मारून टाकली. या लोकांना दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय घास उतरत नाही.


सोमवार, १७ मार्च

आज टेस्ट. आमच्याकडे टेबलावर एक खोटी लिफ्ट आहे. दोन फूट उंच, दोऱ्यावर लोंबणारा पत्र्याचा डबा, बाजूला बटणं. पद्धत अशी की प्रत्येक चाचणीआधी लाल रीसेट बटण दाबायचं, म्हणजे आधीच्याची यादी पुसली जाते आणि पाटी कोरी होते. मी पद्धत काटेकोर पाळतो.

डबा वर गेला, खाली आला, मधल्या मजल्यावर थांबला. एकदाही चुकला नाही. मॅडमसुद्धा दोन मिनिटं उभ्या राहिल्या. मी सहजच म्हणालो, बाहेरचं एक अक्षर वापरलेलं नाही. आयतोबा रजेवर होता, त्याच्या मुलाचे दात काढायचे होते. बघायला हवा होता.

आईला फोन केला. ती लगेच मावशीला फोन करते म्हणाली. संध्याकाळी घरी आलो तर आईनं कपाटातून चांगले कपडे काढून पलंगावर ठेवलेले. मावशीसाठी स्वेटर विणतेय म्हणे, तिकडे थंडी असते. एक बाही राहिलीय. तिला इतकी खुशीत बघून बरं वाटलं. मुलगा कर्तबगार असला की घर असं हसतं.


बुधवार, १९ मार्च

व्यायाम सुरू करणार होतो. लिफ्ट बंद असल्यामुळे रोज सहा मजले चढतोच, तेव्हा वेगळा कशाला.

सेक्रेटरींनी खाली नोटीस लावली: 'शनिवारी लिफ्ट सुरू होण्याची शक्यता आहे.' मी 'शक्यता' हा शब्द पेनानं खोडला.


शनिवार, २२ मार्च

लिफ्ट सुरू झाली. तारीख लक्षात ठेवा.

बोर्ड बसवणारा टेक्निशियन सकाळी आला. लिफ्टची खोली वर गच्चीवर आहे. त्यानं बोर्ड जोडला, नेहमीच्या सवयीनं रीसेट दाबलं, मी खाली हात जोडून उभा. लिफ्ट पहिल्या फटक्यात सहाव्यावर गेली. सगळ्या मजल्यांवरचे लोक दारात. पाचव्यावरच्या काकांनी मला भेटून सांगितलं की इतकी शांत लिफ्ट त्यांनी पाहिली नाही. सेक्रेटरी माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलले.

ही म्हणाली, आईंना आजच खाली नेऊन आणू या का, एकदा सवय होईल. म्हटलं, उद्याचा मान उद्याला. आज उगीच दमायला नको. आईला बहुतेक जायचं होतं, पण माझं ऐकून तिनं चपला परत आत ठेवल्या. स्वेटर पूर्ण झालाय.

उद्या भाषण करायची वेळ आली तर काय बोलायचं, चार मुद्दे काढून ठेवले.


रविवार, २३ मार्च, सकाळ

आंघोळ करून तयार. आईही तयार, सातपासून दाराजवळच्या खुर्चीत. मावशीची टॅक्सी दहाला येणार, अकराला निघणार. घसघशीत एक तास.

नऊच्या सुमारास वीज गेली आणि लगेच आली. काळजीचं कारण नाही. लिफ्ट आपोआप पुन्हा सुरू होते, तशी सोय मीच केली आहे.


त्याच दिवशी, गच्चीवर, लिफ्टची खोली

किरकोळ अडचण. वीज आल्यावर लिफ्ट तळमजल्यावर गेली. दार उघडलं. बंद झालं. पुन्हा उघडलं. पुन्हा बंद. सेक्रेटरींचा फोन आला की लिफ्ट न आलेल्या पाहुण्यांचं स्वागत करतेय. सहाव्यावरून बटण दाबून दाबून हिचं बोट दुखलं. लिफ्ट तळमजला सोडायला तयार नाही.

मी चार मिनिटं वाट पाहिली, इथे वर येऊन मेन स्विच बंद करून चालू केला. ही सर्वमान्य पद्धत आहे. लिफ्ट ताजीतवानी झाली. आणि पुन्हा तेच, उघड, बंद, उघड.

माझं निदान: दाराच्या सेन्सरवर धूळ. कोडचा संबंध नाही.


गच्चीवरच, नंतर

धूळ पुसली. स्विच बंद, चालू. तेच.

आता निदान: व्होल्टेज. पाच मिनिटं बघितलं, काही फरक नाही, स्विच बंद, चालू. माझ्या हाताला आता त्या स्विचची सवय झाली आहे.

हिचा फोन: मावशी आली, टॅक्सी खाली उभी आहे. म्हटलं, पाच मिनिटं. हिनं आयतोबाला विचारू का म्हटलं. म्हटलं, रविवारी कोणाला त्रास द्यायचा नसतो, आणि त्यालाच का, जगात दुसरा कोणी नाही का?

स्विच बंद, चालू.


गच्चीवर, सव्वादहा वाजून गेले

हिचा फोन: आई जिन्यानं उतरायचं म्हणताहेत. म्हटलं, अजिबात उतरू देऊ नकोस, मी जवळ पोचलोय, पाच मिनिटं. ती म्हणाली, मघाशीही पाचच होती. इतकं बोलून तिनं फोन ठेवला.

एकाग्रता हवी. फोन सायलेंट केला.

स्विच बंद, चालू. यावेळी मनापासून.


त्याच दिवशी, घरी

साडेबारा वाजता खाली आलो, म्हणजे सहाव्यावर. दार नुसतं ओढून घेतलेलं. घरात कोणी नाही. आईची खुर्चीसुद्धा जागेवर नाही. फोनवर हिचे सात मिस्ड कॉल, धाकट्या भावाचा एक.

लिफ्टचा नाद मी अकरालाच सोडला होता. तिला जरा थंड होऊ द्यावं असं ठरवून गच्चीच्या कठड्यापाशी बसलो होतो, विचार करत. तिथे बहुधा डोळा लागला.

पाणी प्यायलो. सेक्रेटरींना फोन केला. त्यांनी सगळं सांगितलं, जरा जास्तच सविस्तर. आई उतरली. ही एका बाजूला, पाचव्यावरचे काका दुसऱ्या बाजूला, आणि मागून एकजण आमची खुर्ची घेऊन. प्रत्येक वळणावर खुर्ची ठेवायची, बसायचं, श्वास घ्यायचा, पुढे. दुसऱ्या मजल्यावर आईला रडू आलं, पण परत वर चला म्हटलं तर नाही म्हणाली. खाली पोचली तेव्हा टॅक्सी निघायला दहा मिनिटं उरली होती. दोघी मागच्या सीटवर हात धरून बसल्या. मावशीनं स्वेटर तिथल्या तिथे अंगात घातला, उकडत असताना. मग आई म्हणाली, मी उतरतच नाही, एअरपोर्टपर्यंत येते. ही पण बसली. टॅक्सी गेली.

मावशीनं माझ्याबद्दल विचारलं म्हणे. हिनं सांगितलं, वर काम करतोय. मावशी म्हणाली, करू दे, त्याला त्रास देऊ नका.

मावशीनं मला लहानपणी सायकल शिकवली होती. तिला भेटायचं राहिलं. फार वाईट वाटतंय.

हे लिहीत असताना बाहेर टिंग वाजलं. दारात जाऊन पाहिलं तर शेजाऱ्यांपैकी कोणीतरी बटण दाबून सोडून दिलेली लिफ्ट सहाव्यावर आलेली. दार उघडलं. आत कोणी नव्हतं. बंद झालं. मी बटण दाबलं तर पुन्हा उघडलं, अगदी नीट. म्हणजे कोड पहिल्यापासून बरोबर होता, हे सिद्ध झालं.


सोमवार, २४ मार्च

रात्री ही एकटीच आली. एअरपोर्टवरून धाकट्यानं आईला स्वतःच्या घरी नेलं. त्याचं घर तळमजल्यावर आहे. आईच म्हणाली की सहा मजले आता परत कोण चढणार, आणि लिफ्टचा काही भरवसा नाही. हिला विचारलं, लिफ्ट चालू झाल्याचं सांगितलं नाहीस का? म्हणाली, सांगितलं. आणि दिवा बंद करून झोपली.

ऑफिसात मी मॅडमना रिपोर्ट दिला: अस्थिर वीजपुरवठ्यामुळे तात्पुरता अडथळा. आयतोबा कोड उघडून बसला. मी काही म्हटलं नव्हतं त्याला. पाच मिनिटांत खुर्ची वळवली आणि फार शांतपणे सांगितलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

तो म्हणाला, तुझी पेटी रिकामी बनत नाही, भरलेली बनते. सोळा शून्यं आणि लेन्थ सोळा. शून्य म्हणजे तळमजला. म्हणजे वीज आली की लिफ्टला वाटतं, खाली सोळाजणांनी बोलावलंय. ती एकेकासाठी दार उघडते. टेबलावर आपण आधी रीसेट दाबतो, टेक्निशियनही दाबतो, म्हणून कधी दिसलं नाही.

मी म्हटलं, मग दुपारी चालू कशी झाली?

तो म्हणाला, सोळा वेळा दार उघडून झालं, यादी संपली, झाली चालू. एका दाराला अर्धं मिनिट. आठ मिनिटांचं काम होतं. तू दर चार-पाच मिनिटांनी स्विच बंद करत होतास, दर वेळी सोळाजण पुन्हा रांगेत. हात लावला नसतास तर सव्वानऊपर्यंत लिफ्ट सहाव्यावर आली असती, टॅक्सी यायच्या आत.

मी म्हटलं, बघतो. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.


मंगळवार, २५ मार्च

अढळपेटी काढली. आयतोबानं लायब्ररीतला कंटेनर घातला. एक ओळ. तयार होतो तेव्हा लेन्थ शून्य, राखीव जागा सोळा. वीज दहा वेळा घालवून पाहिली, दहा वेळा सरळ चालली. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी हेच आधी करा. मला उद्देशून म्हणाल्या असं नाही, खोलीतल्या सगळ्यांना म्हणाल्या. खोलीत मी आणि आयतोबा दोघंच होतो.

नाव मात्र अढळपेटीच राहू द्या, असं मागणार होतो. मागितलं नाही.

आईला फोन केला. लिफ्ट आता पक्की झाली, शंभर टक्के, ये परत. ती म्हणाली, बरं झालं रे, इमारतीतल्या लोकांची सोय झाली. मग म्हणाली, इथे अंगणात खुर्ची टाकून बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं होतं, मावशीचा फोनही इथे नीट लागतो. मी म्हटलं, गुडघे? म्हणाली, उतरल्यापासून सुजलेत, पण उतरली नसते तर जन्मभर खुपलं असतं. मी विचारलं, माझ्यावर रागावलीस का? ती म्हणाली, छे, तू होतास कुठे रागवायला.

ती सहज बोलली. आई टोमणे मारत नाही.


शनिवार, २९ मार्च

धाकटा गाडी घेऊन आईचं सामान न्यायला आला. हिनं सकाळीच सगळं बांधून ठेवलं होतं. कपड्यांच्या दोन बॅगा, औषधांचा डबा, शेकायची पिशवी, उशी, चपलांचा जोड, विणकामाची टोपली. खुर्ची त्या रविवारी खालीच राहिली होती, ती धाकट्यानं आधीच नेलीय.

लिफ्ट बोलावली, लगेच आली. सामान आत ठेवलं, मी आणि धाकटा दोघंही आत. दार सावकाश बंद झालं, एकदाही न अडखळता खाली. धाकटा म्हणाला, दादा, लिफ्ट झकास झाली.

एका फेरीत सगळं मावलं.